हातातला कागद

दसरा आटोपला की आमचे हिंगोली काही दिवस सुनेसुने वाटू लागते. रामलीला मैदानावरची दुकाने उठलेली असतात, पाळणे उतरवलेले असतात, आणि रावण जळाला त्या जागेवरून मुले सायकली फिरवीत असतात. दरवर्षी एवढे मोठे नाटक उघड्या आकाशाखाली पाहणाऱ्या गावाला लहानशा नाटकाचे अप्रूप कोठून असणार, असे मला पुष्कळ वर्षे वाटत आले होते. ही समजूत गेल्या वर्षी हलली. त्याची हकीकत आणि त्या निमित्ताने सुचलेले चार विचार वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या एका संध्याकाळी, एका स्नेह्यांच्या माडीवर, तीन नव्या एकांकिकांचे वाचन झाले. पडदा नाही, दिव्यांची योजना नाही, रंगभूषा नाही. चार खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा तांब्या, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाच्या हातात टाचणी मारलेले कागद. वाचणारे चौघे: जिल्हा परिषदेच्या शाळांतील एक शिक्षक व एक शिक्षिका, बँकेतील एक कारकून आणि महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी. ऐकणारे आम्ही वीस-पंचवीस जण सतरंजीवर. यजमानांच्या वृद्ध मातोश्री भिंतीला टेकून दिवाळीच्या वाती वळीत बसल्या होत्या. माडीवर वारा बरा येतो म्हणून त्या वर आल्या होत्या. नाटक ऐकावयास आल्या होत्या असे म्हणवत नाही.

तिन्ही लेखक तरुण. त्यांची एकमेकांशी ओळख बेताचीच, आणि विषयही कोणी ठरवून दिलेला नव्हता. तरीही तिन्ही एकांकिका एकाच गोष्टीभोवती फिरत होत्या: जे गेले त्याची आठवण. एकीत गाव गेलेले, दुसरीत मुलगी, तिसरीत नवरा. मी तिन्ही संहिता आधी वाचल्या होत्या आणि वडिलकीच्या नात्याने आपली मते देऊन मोकळाही झालो होतो. त्यांतले एक मत साफ चुकीचे निघाले. ते कसे, हे पुढे येईलच.

नाटकाचे वाचन म्हणजे नाटक की नाटकाची नुसती तयारी, हा प्रश्न आपल्याकडे कोणी फारसा विचारीत नाही. नाटक करावयाचे ठरले की नाटककार मंडळींपुढे ते वाचून दाखवितो, मग पात्रे वाटली जातात, मग तालमी सुरू होतात. वाचन ही तालमीच्या दाराची पायरी. पायरीवर कोणी बिऱ्हाड करीत नाही. त्यामुळे ‘आज वाचन आहे’ असे कळले की अर्धे लोक ‘प्रयोग असेल तेव्हा बोलवा’ म्हणतात. त्यांचे अगदीच चुकते असे नाही. नाटक दिसावे म्हणूनच लिहिलेले असते.

पण आपल्या लहान नाटकाची वंशावळ जरा मागे जाऊन पाहिली तर निराळे चित्र दिसते. शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजे आपले ‘दिवाकर’, यांनी १९११ पासून नाट्यछटा लिहावयास घेतल्या. ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या एकमुखी कवितांवरून त्यांना ही कल्पना सुचली होती. एकच माणूस बोलतो. समोरचा दिसत नाही, त्याचे बोलणेही ऐकू येत नाही, तरी तो तेथे आहे हे आपल्याला कळत राहते. ‘पंत मेले–राव चढले’ या नाट्यछटेत त्यांनी एका घरातले मरण आणि त्यापायी दुसऱ्या घरात आलेली बढती ही दोन्ही शेजारी ठेवली, आणि स्वतः एक शब्दही बोलले नाहीत. आमच्या पिढीने नाट्यछटा शाळेच्या स्नेहसंमेलनात पाठ करून हातवारे करीत म्हटल्या, म्हणून त्या पोरखेळ वाटू लागल्या. वस्तुतः एका आवाजाने, बसल्या जागी, न दिसणाऱ्या माणसाला आणून उभे करण्याची ती फार अवघड कला होती.

पुढे एकांकिकेला बळ आले ते स्पर्धांमुळे. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ साली सुरू झाली. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकांचा पुरुषोत्तम करंडक १९६३ साली. मध्यंतरी १९६० साली मुंबईत ‘रंगायन’ निघाली व नव्या नाटकाला जाणते प्रेक्षक मिळाले. या सर्वांचे ऋण मोठे आहे. स्पर्धा नसत्या तर मराठवाड्यातल्या कितीतरी मुलांनी रंगमंचावर पाऊलही ठेवले नसते. परंतु स्पर्धेने एकांकिकेला काही सवयीही लावल्या. घड्याळ चालू असते. परीक्षकांनी सकाळपासून सहा-सात एकांकिका पाहिलेल्या असतात. त्यांना जागे करावयाचे म्हणजे दणका हवा. मग अंधार, मग लाल प्रकाश, मग शेवटी एक किंकाळी. सूड, दंगल, भ्रष्टाचार हे विषय या साच्यात कसेबसे बसतात. आठवण मात्र बसत नाही. ती हळू येते, अर्धवट येते, आणि पुष्कळदा एखाद्या क्षुल्लक वस्तूला धरून येते.

आता त्या तीन एकांकिकांकडे वळू.

पहिली होती पाण्याखाली गेलेल्या गावाची. १९६० च्या दशकात पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली. कालव्यांनी पाणी आणले, पिके आणली. आणि पाण्याखाली जमिनीही गेल्या. या भागात अजून अशी माणसे भेटतात की ज्यांचे ‘आमचं जुनं गाव’ बोटाने दाखविता येत नाही. लेखकाने गावाचे नाव दिलेले नाही, आणि ते बरेच केले. उन्हाळा कडक आहे, पाणी ओसरले आहे, एक म्हातारा आपल्या नातवाला घेऊन भेगाळलेल्या गाळात उतरतो. पाराचा दगड त्याला ओळखू येतो. पारापासून आमच्या दारापर्यंत बेचाळीस पावले, असे तो सांगतो आणि मोजीत चालू लागतो. वाटेत कोणाची ओसरी, कोणाचा गोठा, कोणाचे भांडण, हे सगळे आकड्यांच्या मधोमध येते. एकतिसाव्या पावलाला पाणी लागते. म्हातारा थांबतो. नातू विचारतो, “आबा, पुढं?” आबा बोलत नाहीत.

येथे एकांकिका संपली असती तर मी टोपी काढली असती. पण लेखकाला धीर धरवला नाही. यानंतर म्हाताऱ्याच्या तोंडी विकास, विस्थापन आणि शासन यांवर दोन पानांचे भाषण आहे. त्यातला शब्द नि शब्द खरा असेल. पण एकतीस पावलांनी जे सांगून झाले होते, तेच ते पुन्हा सांगते. ऐकणारे इतका वेळ त्या पाण्याच्या काठाशी उभे होते. भाषण सुरू होताच ते सतरंजीवर परत आले. एकाने घड्याळ पाहिले.

गंमत अशी की पावले मोजण्याचा हा भाग प्रयोगात साधलाच असता असे मला वाटत नाही. आपल्या सभागृहांचे रंगमंच ते केवढे! बेचाळीस पावले चालावयाची तर नटाला घाण्याच्या बैलासारखे फिरावे लागेल. वाचणारे शिक्षक खुर्चीवरून उठले नाहीत. त्यांनी फक्त आकडे म्हटले, आणि प्रत्येकाने आपापल्या गावची वाट चालून घेतली. शेजारचे गृहस्थ ओठांतल्या ओठांत आकडे मोजीत होते, हे मी डोळ्यांनी पाहिले.

शोकाला वस्तूचा आधार लागतो, हे आयर्लंडच्या सिंगने १९०४ सालीच दाखवून दिले होते. ‘रायडर्स टु द सी’ ही त्याची लहानशी एकांकिका. समुद्राने एका म्हातारीची सगळी मुले एकेक करून नेली आहेत. दूर कोठे सापडलेल्या प्रेताचे कपडे घरी येतात. ते भावाचेच कशावरून? बहीण पायमोजाचे टाके मोजते. आपण विणताना चार टाके सुटले होते, ते तसेच सुटलेले तिला सापडतात. शेवटी शवपेटीसाठी फळ्या आणून ठेवलेल्या असतात, पण खिळे आणावयाचे राहून गेलेले असते. सुटलेले टाके आणि विसरलेले खिळे! आमच्या लेखकाची बेचाळीस पावले या जातीची आहेत. त्याने ती आपल्या भाषणाखाली पुरू नयेत.

दुसरी एकांकिका घरातली. वयाने विसरभोळी झालेली सासू आपल्या सुनेला, वारलेल्या मुलीच्या नावाने हाक मारते. सून आधी दुरुस्ती करते, मग कंटाळते, मग एका नरकचतुर्दशीच्या पहाटे, उटणे लावता लावता, त्या नावाला ओ देते. त्या दिवसापासून घरात शांतता नांदते. महिने जातात. एके दिवशी म्हातारी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारते, आणि सुनेच्या तोंडून ओ निघत नाही.

कल्पना फार चांगली आहे. सेवा करणाऱ्या माणसाचेही काही हरवत असते, ही गोष्ट आपल्या कौटुंबिक नाटकांत क्वचितच येते. तेथे सून एकतर छळते नाहीतर छळली जाते. बेकेटच्या ‘क्रॅप्स लास्ट टेप’ (१९५८) मध्ये एकोणसत्तर वर्षांचा म्हातारा आपल्याच एकोणचाळिसाव्या वर्षीचा आवाज यंत्रावर ऐकतो आणि त्याला तो परका वाटतो. येथे यंत्र नाही. एका बाईचे स्वतःचे नावच तिला परके होते. मात्र लेखिकेने मध्येच एक डॉक्टर आणला आहे. तो रोगाचे नाव सांगतो, मेंदूची माहिती देतो आणि निघून जातो. त्याची फी द्यावी आणि त्याला परत पाठवावे, अशी माझी लेखिकेला विनंती आहे.

वाचनात येथे एक चूक झाली आणि एक लाभ झाला. चूक अशी की शेवटच्या पानावर वाचणाऱ्या मुलीला रडू आले. तिचे मन कोवळे, तिला दोष कसा द्यावा? पण ती रडली आणि आम्ही थांबलो. जे अश्रू आमच्या वाट्याचे होते ते तिने आधीच ढाळून टाकले. लाभ असा की माणसे कमी असल्यामुळे सुनेचे संवाद आणि रंगसूचना दोन्ही तिलाच वाचावी लागली. ‘सून उठते. दाराकडे जाते. थांबते.’ हे तिने आपल्या साध्या आवाजात म्हटले आणि लगेच सुनेचे वाक्य घेतले. काही वेळाने वाटू लागले की ही सूनच स्वतःकडे लांबून पाहत आहे आणि मी उठले, मी थांबले, असे मनाशी नोंदवीत आहे. प्रयोगात रंगसूचना अदृश्य होते. वाचनात ती ऐकू येते, आणि चांगल्या लेखकाच्या हाती तीही एक पात्र होऊ शकते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

तिसरी एकांकिका सर्वांत लहान, पंधरा-सतरा मिनिटांची. आणि माझी फजिती झाली ती हिच्याच बाबतीत. एक शेतकऱ्याची विधवा. नवऱ्याला जाऊन महिना झाला आहे. त्याचा मोबाईल तिच्याजवळ आहे आणि तो वाजत राहतो. बियाण्यांचा दुकानदार उधारी मागतो. वसमतच्या बाजारातला आडत्या हळदीचा भाव सांगतो. कोठली तरी ध्वनिमुद्रित बाई कर्ज घ्या म्हणते. परगावचा एक मित्र, ज्याला काहीच ठाऊक नाही, हसतच सुरुवात करतो. आपल्याला पलीकडचे काही ऐकू येत नाही. फक्त बाईचे बोलणे ऐकू येते. म्हणजे दिवाकरांचीच नाट्यछटा, शंभर वर्षांनी मोबाईल घेऊन आलेली. तिचे पहिले वाक्य प्रत्येक वेळी एकच: “ते नाहीत.”

संहिता वाचताना मी हे वाक्य मोजले. अकरा वेळा आले होते. मी समासात लिहिले, ‘पुनरुक्ती. तीनदा पुरे.’ लेखक सज्जन; त्याने ‘बरं सर’ म्हटले. पण वाचणाऱ्या बाईंकडे जुनीच प्रत गेली होती, आणि त्या माडीवर मला अकराच्या अकरा वेळा ते ऐकावे लागले.

मराठीत ‘ते नाहीत’ याचे दोन अर्थ होतात, हे मला का ठाऊक नव्हते? ठाऊक होते, कानाला ठाऊक नव्हते. पहिल्यांदा बाईंनी ते म्हटले तेव्हा पलीकडच्याने ‘घरी नाहीत’ असे घेतले असावे, कारण पुढे त्या म्हणाल्या, “नाही, संध्याकाळी पण नाहीत.” दुसऱ्यांदा त्यांनी ते उधारी टाळण्यासाठी वापरले. चौथ्यांदा, मित्रापाशी, वाक्य म्हटले आणि पुढचे सांगवेना म्हणून तसेच सोडले. सातव्यांदा त्या ध्वनिमुद्रित बाईला ते सांगितले, जिला ऐकूच येत नव्हते. आणि त्या एका फोनवर तिने सगळे सांगून टाकले. नवव्यांदा आडत्याला, “ते नाहीत, पण भाव मला सांगा.” अकराव्यांदा वाक्य अर्ध्यावरच राहते, कारण पलीकडून कोणीतरी ‘मग कोण बोलतंय?’ असे विचारले असावे. बाई क्षणभर गप्प राहते आणि स्वतःचे नाव सांगते. तोपर्यंत आपण ते नाव ऐकलेले नसते.

मी तीनदा पुरे म्हटले होते! माझे ऐकले असते तर त्या बाईचा नाव सांगण्यापर्यंतचा सगळा रस्ताच मी खणून टाकला असता. डोळ्यांनी वाचणाऱ्याला पुनरुक्ती दिसते. शोक करणाऱ्याला दुसरे काय येते? तो एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणून पाहतो; केव्हा तरी ते खरे वाटू लागेल म्हणून. दुसऱ्या दिवशी मी लेखकाकडे जाऊन समासातली ती ओळ माझ्या हाताने खोडली.

त्या बाईंच्या वाचनात आवाजाचा चढउतार फार थोडा होता. त्या कागदातून मान वर करून पाहत, आणि पुन्हा कागदाकडे वळत. हा कागद मला फार महत्त्वाचा वाटतो. नट जेव्हा मेकअप करून येतो तेव्हा तो म्हणतो, मीच तो माणूस. आपणही तेवढ्यापुरते मानतो. पण गेलेल्या माणसाच्या बाबतीत मन हट्टी होते. ते म्हणते, तू तो नव्हेस. कागद घेऊन बसलेला माणूस असा दावा करीतच नाही. तो म्हणतो, मी केवळ सांगणारा. ज्याचे हे आहे तो येथे नाही. ‘येथे नाही’ हीच तर या एकांकिकांची वस्तू. म्हणून इतर विषयांत वाचन प्रयोगाहून उणे पडत असेल, या विषयात ते त्याच्या बरोबरीने बसते.

हे काही नवे शास्त्र मी सांगत नाही. आमच्या हिंगोलीजवळ, कयाधूच्या काठी, नर्सी हे गाव आहे; परंपरा ते नामदेवांचे जन्मस्थान मानते. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली, त्या प्रसंगाचे नामदेवांच्या नावावरचे अभंग ‘समाधी’ या प्रकरणात आहेत. त्यांत निवृत्तिनाथांचे दुःख सांगताना उपमा येतात त्या बांध फुटलेल्या तळ्याच्या आणि बंद सुटून रानभर झालेल्या गवताच्या पेंढीच्या. शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोरच्या वस्तू! कीर्तनकार हे सांगतो तेव्हा तो निवृत्तिनाथांचे सोंग घेत नाही. फेटा, उपरणे, खांद्यावर वीणा. एका क्षणी तो निवृत्तीचे बोलतो, दुसऱ्या क्षणी स्वतःचे. तरीही ऐकणाऱ्या बायाबापड्या पदर डोळ्यांना लावतात. सतीश आळेकरांनी १९७४ साली ‘महानिर्वाण’मध्ये मेलेल्या माणसालाच कीर्तनाला उभे केले, ते उगीच नव्हे. मरणाबद्दल बोलावयाचे तर उभे राहून, लोकांकडे तोंड करून, सांगावे, ही रीत आपल्या हाडीमांशी खिळलेली आहे. नाट्यवाचन हे तिचेच धाकटे भावंड आहे.

याचा अर्थ कागद हातात घेतला की झाले, असा मात्र कोणी घेऊ नये. वाचनाचे धोके पुष्कळ. गोड गळ्याचा वाचक सुमार संहिताही तारून नेतो, आणि लेखकाची समजूत होते की आपण चांगले लिहिले. हल्ली मागे बासरी लावण्याची टूम निघाली आहे. शोक आला की बासरी. त्या माडीवरही एका उत्साही गृहस्थांनी मोबाईलवर ती तयार ठेवली होती. यजमानांनी वेळीच थांबविले, हे त्यांचे उपकार. आणि वाचनाआधीची प्रास्ताविके! एकांकिका काय सांगते ते आधीच सांगून टाकणारा निवेदक हा त्या डॉक्टरचा सख्खा भाऊ होय.

वाचन संपले. टाळ्या झाल्या, चहा आला, चर्चा सुरू झाली. मी स्मृती, काल आणि अभाव यांवर बरेच काही बोललो असेन. एवढ्यात भिंतीपाशी बसलेल्या त्या मातोश्रींनी वातींचे ताट बाजूला सारले आणि तिसऱ्या एकांकिकेच्या लेखकाला विचारले,

“मग हळद इकली का तिनं?”

लेखक गोंधळला. त्याने तेवढा विचार केलेला नव्हता. “आजी, ते... ते नाटकात नाही.”

“आडत्या भाव पाडून सांगत होता,” आजी म्हणाल्या. “एकटी बाई बघून. तिला म्हणावं, घाई करू नको.”

कोणी हसले नाही. त्या काळाच्या मानाने फार लवकर वैधव्य आलेल्या या आजींनी स्वतः शेती सांभाळली होती, हे मला यजमानांनी जिना उतरताना सांगितले. आम्ही शोकावर बोलत होतो. त्या एकट्या त्या बाईजवळ जाऊन बसल्या होत्या. यापेक्षा मोठी पावती लहान नाटकाला कोणती मिळावयाची?

दिवाळीत माणसे घरी येतात. भाऊबीज झाली, फराळ झाला की दुपारी सगळे सुस्तावतात, आणि न आलेल्यांची, आता कधीच न येणाऱ्यांची आठवण कोणीतरी काढतो. मग कोणीतरी विषय बदलतो. या वर्षी विषय बदलू नये, अशी माझी वाचकांना सूचना आहे. एखादी लहानशी एकांकिका घ्या. नाट्यछटा घेतलीत तरी चालेल. घरातल्या दोघा-तिघांत वाटून घ्या, रंगसूचनाही मोठ्याने वाचा. रडू आले तर थांबा, पाणी प्या, पुढे चला. ऐकणाऱ्यांच्या वाट्याचे त्यांच्यासाठी राहू द्या. पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. कागद हातात असू द्या.

आणि घरात कोणी आजी वाती वळीत बसल्या असतील, तर त्यांना जरा जवळ बसवून घ्या. समासात काय लिहावे हे त्या आपल्याला सांगतील.